खवीस कुणाचा?

अन्याय झाला तो करुणावर. वय नऊ, इयत्ता चौथी, राहणार सनाबिस, बहरीन. वेळही सांगून ठेवते, म्हणजे 'असं काही झालंच नव्हतं' असं नंतर कुणाला म्हणता येणार नाही. १९९६ सालच्या ऑक्टोबरातला शेवटचा गुरुवार, दुपारचे साडेचार. ती बाल्कनीच्या दारात मांडी घालून बसली होती आणि ओठ हलवत वाचत होती. तेवढ्यात तिच्या हातातलं पुस्तक हिसकावून घेण्यात आलं. पुस्तक मराठी होतं. भुताचं होतं. हिसकावणारी बाई शिकलेली होती, चळवळीत वाढलेली होती, आणि मुलीची सख्खी आत्या होती. म्हणजे मी, निमा.

आरोपीचं नाव पहिल्या परिच्छेदात छापावं, असं मला पत्रकं लिहायला शिकवणाऱ्यांनी शिकवलं. छापलं. आता मुद्दे.

मी घर सोडलं ते १९९४च्या जानेवारीत, खेडच्या एसटी स्टँडवरून, सकाळच्या मुंबई गाडीने. पोचवायला आई-बाबा दोघंही आले होते. माझ्याकडे एक सूटकेस होती. तिच्यात चार ड्रेस, टायपिंगची सर्टिफिकेटं आणि सुतळीने बांधलेला पत्रकांचा एक गठ्ठा. बाबांनी तिथे स्टँडच्या बाकावर सूटकेस पुन्हा उघडायला लावली आणि गठ्ठा कपड्यांच्या मधोमध सरकवला. "कडेला ठेवलास तर चुरगळतील," एवढंच बोलले. आई म्हणाली, "भिऊ नको. आपल्या घरात भीती कधी पाळलेली नाही आपण." कंडक्टर मला ओळखत होता. त्याच्याच गाडीत चढून मी कितीदा पत्रकं वाटलेली. तो म्हणाला, "काय ताई, आता तिकडची भुतं हाकलायला काय?" गाडीतली माणसं हसली. मीही हसले. आई मात्र हसली नाही. खिडकीला हात लावून ती गाडीबरोबर चार पावलं चालली आणि मग हात सुटला.

त्या पत्रकाचं नाव होतं 'भूत दाखवा!' लिहिलेलं मीच, एकोणीस वर्षांची असताना. आमची बौद्धवाडी ओढ्याच्या खालच्या अंगाला आहे आणि गाव वरच्या अंगाला. मधे एक पाणवठा, त्याच्या डोक्यावर चिंच. त्या चिंचेवर खवीस असतो, असं सगळा तालुका सांगायचा. भर दुपारी बाराला तो पाण्यावर उतरतो आणि आमच्या वाडीतलं कुणी दिसलं की धरतो. गंमत बघा, खवीस फक्त आमच्याच वाडीतल्यांना धरायचा. गावातली गुरं दुपारभर तिथे पाणी प्यायची, एकालाही काही होत नसे. बाबा शाळेत शिक्षक. मी सात वर्षांची असताना ते एका चैत्रातल्या दुपारी बाराला उठले, फडक्यात भाकरी आणि सुकट बांधली, आणि त्या चिंचेखाली जाऊन जेवायला बसले. आम्ही मुलं उतारावर श्वास धरून उभी. बाबांनी सावकाश भाकरी खाल्ली, पाण्यात हात धुतले आणि घरी आले. खवीस खलास! पुढच्या दिवसापासून वाडीच्या बायका दुपारी त्या पाण्यावर जायला लागल्या. मी पत्रकात हेच लिहिलं: एका शिक्षकाने एका भाकरीत भूत मारलं.

हे पत्रक मी बहरीनला कशाला नेलं, असं आज कुणी विचारलं तर मला सांगता येत नाही. विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्याने तो गठ्ठा उचलला. त्या वर्षांत तिथे छापील कागद दिसला की दोनदा बघायचे. त्याने विचारलं, हे काय? मी माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हटलं, भूत नाही असं सांगणारे कागद. त्याने शेजारच्या हिंदी येणाऱ्या माणसाकडून खात्री करून घेतली. मग माझ्याकडे असं बघितलं की कीव करावी की हसावं त्याला कळेना. "मफी भूत?" म्हणाला. नाही, भूत नाही. "यल्ला," म्हणजे चल, म्हणाला आणि गठ्ठा परत दिला. बहरीनमधली माझी पहिली चळवळ एवढीच, आणि ती यशस्वी झाली.

दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, मआमीरच्या बाजूला एका प्लांटवर टेक्निशियन होता. शिफ्टवरून आला की त्याच्या कव्हरऑलला तेलाचा असा वास यायचा की वहिनी तो बाल्कनीतच काढायला लावायची. वहिनी, दादा, करुणा आणि मी, सनाबिसला दोन खोल्यांत. खाली कोल्डस्टोअर, म्हणजे किराणा दुकान, मागे खजुरीची दोन झाडं, समोर समुद्र बुजवून नवीन जमीन करायचं काम चाललेलं. मी मनामात एका ऑफिसात टायपिस्ट होते. इथे कुणी पाणवठ्यावर अडवत नव्हतं. नळ सोडला की पाणी. कूलरमधून ग्लास भरून घेताना मागे उभ्या असलेल्या माणसाने जात विचारली नाही. पहिल्या महिन्यात मी ऑफिसच्या कूलरवर उगाचच जास्त वेळ उभी राहायचे. हे खेडला कुणाला पत्रात लिहिलं नाही, आज लिहिते.

इथली भीती वेगळी होती. व्हिसा कॅन्सल, लीव्ह नामंजूर, सीपीआर, म्हणजे ओळखपत्राचं कार्ड, हरवलं. या भुतांना भाकरी खाऊन घालवता येत नाही. पण निदान ती सगळ्यांना सारखी धरतात.

घरातली एक गोष्ट मात्र मला खुपत होती. करुणा मराठी समजायची, बोलायची नाही. वहिनी म्हणायची, "जेवायला चल." ती म्हणायची, "कमिंग, मम्मी." बाबांचं पत्र आलं की दादा वाचून दाखवायचा आणि ही शेजारी बसून पेन्सिलीला टोक करत राहायची. म्हणून मी दर गुरुवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये मराठी वाचन सुरू केलं. बिल्डिंगमधली पाच-सहा मुलं यायची. पुस्तकं बाबा कुणा रजेवरून परतणाऱ्याबरोबर पाठवायचे: थोरांची चरित्रं, सुविचार, विज्ञानाची ओळख. मुलं जांभया देत बसायची. एकदा करुणा म्हणाली, "इट्स बोअरिंग, आत्या."

"मराठीत बोल."

"मराठीतपण बोअरिंगच आहे."

माझ्या आयुष्यात तिने मला मराठीत म्हटलेलं ते पहिलं अख्खं वाक्य. मी त्यावर रागावले. अक्कल बघा माझी.

त्या ऑक्टोबरात करुणाच्या शाळेत एक नवीन टीचर आल्या होत्या, मिस हेलन. त्यांच्याकडे महिनाअखेरीला भुतांचा सण असतो, हॅलोवीन. पलीकडच्या कंपाउंडमध्ये गोरी मुलं चेटकिणी होऊन दारोदार गोळ्या मागत फिरायची आणि फाटकावर डोळे कोरलेले भोपळे ठेवलेले असायचे. वहिनी ते बघून हळहळायची. "एवढ्या भोपळ्याचे घारगे झाले असते गं!" मिस हेलननी वर्गात काय सांगितलं, तर प्रत्येकाने आपल्या घरच्या भाषेतलं एक भीतीचं पुस्तक आणायचं आणि सुट्टीनंतरच्या शनिवारी केजीच्या लहानग्यांना त्यातलं वाचून दाखवायचं. आपल्या भाषेत थोडं, मग इंग्रजीत अर्थ. लहान मुलं भीतीच्या गोष्टीला कान टवकारतात, मोठ्या मुलाचा हात धरून बसतात आणि त्यातून वाचायला शिकतात, असं त्यांचं म्हणणं. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला कुणी सांगितलं नाही, कारण घरात सगळ्यांना माहीत होतं मी काय म्हणेन.

पुस्तक आलं हमीदचाचांकडून. मनामाच्या बाजारात, बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत त्यांचं कापडाचं दुकान होतं. मूळचे दापोलीकडचे, पंचवीसेक वर्षं इथे. गल्ल्याच्या खाली, ताग्यांच्या मागे त्यांनी जुनी मराठी पुस्तकं जपून ठेवलेली. गिऱ्हाईक नसलं की चष्मा लावून वाचत बसायचे. वहिनी पडद्याचं कापड घ्यायला गेली तेव्हा करुणाने त्यांना विचारलं, "चाचा, हॅव यू गॉट अ स्केअरी बुक इन मराठी?" त्यांनी तिला एक पातळ पुस्तक काढून दिलं. मुखपृष्ठावर विहिरीतून वर आलेला एक हात. मग तीन आठवडे वहिनी बाजाराच्या निमित्ताने तिला तिथे नेत होती, आणि हमीदचाचा कापडाच्या गजावर बोट फिरवावं तसं ओळीवर बोट फिरवत तिला जोडाक्षरं शिकवत होते. माझ्या गुरुवारच्या वर्गात जी मुलगी अडीच वर्षांत 'ज्ञ' शिकली नाही, ती भुतापायी एकवीस दिवसांत वाचायला लागली.

आणि मग तो गुरुवार. सुट्टीचा अर्धा दिवस, मी ऑफिसातून आले, आणि बाल्कनीच्या दारात ती. मी वाकून बघितलं. पान उघडं होतं त्यावर एक ओळ होती. आजही पाठ आहे. 'खालच्या जातीतला माणूस अवगतीने मेला की त्याचा खवीस होतो.'

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आधी भूत, वर ही जात. समुद्र ओलांडून ही घाण आमच्या बाल्कनीपर्यंत आली! मी पुस्तक ओढलं. तिने सोडलं नाही. मी पुन्हा ओढलं आणि एका पानाचा कोपरा तिच्या बोटात राहिला. ती रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "बट आत्या, हू किल्ड हिम?"

"काय?"

"अवगती. चाचा सेज इट मीन्स ही डाइड बॅडली. सो हू किल्ड हिम?"

मी म्हटलं, "भूत नसतंच. त्यामुळे कुणी मारायचा प्रश्न येत नाही. हे पुस्तक आपल्या घरात चालणार नाही."

भाषण ठोकलं आणि पुस्तक पर्समध्ये टाकलं. एका मुलीने खरा प्रश्न विचारला होता आणि मी तिला पत्रक वाचून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. अस्रच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजानंतर हमीदचाचांनी दुकान उघडलं तेव्हा मी दारात उभीच होते. पुस्तक गल्ल्यावर आपटलं. "चाचा, तुम्ही जाणते. पोरांना असलं वाचायला देता?"

त्यांनी पुस्तक उचललं, फाटलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. "बस गो आधी. चाय घेतेस?"

"नको. यात काय लिहिलंय वाचलंत का? खवीस म्हणजे आमच्या माणसाचं भूत म्हणे."

"तुमच्या?" चाचांनी चष्मा वर केला. "आमच्या गावात तर सांगायचे, मुसलमानाचा भूत तो खवीस. लहानपणी शाळेत पोरा मला चिडवायची, हमीद मेला की खवीस होणार. मी बोलायचो, होईन नि पयला तुमच्या घरी येईन."

"मग खवीस कुणाचा? तुमचा की आमचा?"

"कोणाचा काय! गावाच्या वेशीबायेर ज्याला ठेवलानी त्याचा." आणि ते इतके हसले की शेजारच्या दुकानातला माणूस डोकावला. मलाही हसू येत होतं, पण मी रागावून आले होते, त्यामुळे हसले नाही. चाचा मग गंभीर झाले. "ऐक. जिन आमच्या किताबात हाय, त्यावर मी बोलायचो नाय. खवीस किताबातला नाय, तो आपल्या गावचा. पोरगी वाचते ती त्याच्यापायी. उद्या शाळेत वाचायचाय तिला. पुस्तक घेऊन जा परत."

"नाही."

"पोरीला इचारलंस?"

मी निघाले. तत्त्वाचा प्रश्न आहे, असं बसमध्ये स्वतःला सांगत होते. तत्त्वाचा प्रश्न आहे असं मी जेव्हा जेव्हा स्वतःला बसमध्ये सांगितलंय, तेव्हा तेव्हा माझं काहीतरी चुकलेलं होतं.

शनिवारी करुणा रिकाम्या हाताने शाळेत गेली. केजीची मुलं चटईवर बसली होती. श्रीलंकेच्या मुलीने वाचलं, फिलिपिनो मुलाने वाचलं, एका बहरीनी मुलीने अरबी वाचलं. करुणाची पाळी आली तेव्हा ती उभी राहून म्हणाली, आमच्या भाषेत भीतीचं पुस्तक नाही. मिस हेलन म्हणाल्या, असं कसं, एखादी गोष्ट तोंडी सांग. तर म्हणाली, मला ती भाषा येत नाही. आणि बसली.

हे वहिनीने मला सांगितलं. ओट्याशी उभी राहून, माझ्याकडे न बघता. वहिनी माझ्यावर कधी चढ्या आवाजात बोललेली नाही, त्या दिवशीही नाही. तिने फक्त करुणाची वही माझ्यासमोर ठेवली. "तुम्हीच वाचा, निमाताई. तुम्हाला वाचनाची आवड."

वहीत शब्द होते. वाकड्या अक्षरात मराठी, शेजारी इंग्रजी. पाणवठा. चिंच. वेस. अवगती. सगळ्यांचे अर्थ लिहिलेले. शेवटचा शब्द खवीस. त्याच्यापुढे दोन अर्थ लिहून खोडलेले, आणि खाली एक ओळ: 'हू किल्ड हिम? आस्क आत्या.'

आत्याला विचारायचं. तिने विचारलं होतं.

पुढचे तीन गुरुवार करुणा हॉलमध्ये आली नाही. वर्ग सुरू झाला की आतल्या खोलीचं दार लावून घ्यायची. मी दुकानातून पुस्तक परत आणलं, फाटका कोपरा सेलोटेपने चिकटवला, तिच्या उशाशी ठेवलं. ते तिथेच राहिलं. दादा एकदाच बोलला: "निमे, आईबाबांनी आपल्याला काय शिकवलं? विचारा म्हणून. तू हिला काय शिकवलंस?" आणि शिफ्टला गेला. तेव्हा मला कळलं की प्रकरण एका पुस्तकाचं राहिलेलं नाही. या पोरीने मराठीचं दार एकदा बंद केलं तर ते कायमचं बंद होणार, आणि त्या दारापलीकडे तिचे आजोबा बसलेले आहेत.

म्हणून मी बाबांना पत्र लिहिलं. सगळं कबूल केलं आणि शेवटी करुणाचा प्रश्न जसाच्या तसा लिहिला. आपल्या पाणवठ्यावरचा खवीस कोण होता? त्याला कुणी मारलं? लिहिताना मला खात्री होती की बाबांचं उत्तर एका ओळीचं असेल: भूत नसतं.

उत्तर आलं ते माझ्या नावावर आलं नाही. पाकिटावर 'चि. करुणा हिस' असं होतं. दादाने ते फोडलं नाही, वहिनीने फोडलं नाही, आणि मला तर हात लावायची सोय नव्हती. दोन दिवस ते फ्रिजवर पडून होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी करुणाने खुर्चीवर चढून ते काढलं, डायनिंग टेबलाशी बसली आणि ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागली. अडखळली की थांबायची. आम्ही कुणी मदत केली नाही. तिने मागितली नव्हती.

बाबांनी शिक्षकाच्या अक्षरात, शब्द सुटे सुटे करून लिहिलं होतं. तो त्यांचा चुलता. नाव लखू. चैत्रात खालचं डबकं आटलं म्हणून लखूकाका भर दुपारी, कुणी नसेल अशा वेळी, वरच्या पाणवठ्यावर कळशी घेऊन गेला. कुणीतरी होतं. धोंडे मारले. तो पाण्यातच पडला. पाय घसरून मेला, असं गावाने लिहून दिलं. 'आणि मग बाळ, ज्यांनी मारलं त्यांनाच तो आधी दिसला. चिंचेवर. त्यांनी त्याला खवीस म्हटलं. पुढे तीच भीती आपल्या वाडीतल्या मुलांना घातली, म्हणजे आपलं कुणी पाण्यावर येऊ नये.'

करुणाने 'धोंडे' शब्दाचा अर्थ विचारला. वहिनीने सांगितला. ती पुढे वाचत गेली.

'तुझ्या आत्याने पत्रकात छापलं की मी तिथे भूत नाही हे दाखवायला जेवायला बसलो. ती लहान होती, मी तिला दुरुस्त केलं नाही. मुलांच्या मनात भीती नको, असं मला वाटलं. मी लखूकाकाजवळ बसलो होतो. त्याच्या वाट्याची अर्धी भाकरी चिंचेच्या बुंध्याशी ठेवली होती. उतारावरून मुलांना दिसली नसेल.'

दिसली नव्हती. मी सात वर्षांची होते, आणि नंतर एकोणीस वर्षांची झाले तरी दिसली नाही. मी अडीच वर्षं वाचन घेत होते आणि माझ्या बापाच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट मी चुकीची वाचली होती. पत्रकात मी भूत मारलं. भूत मारताना लखूला दुसऱ्यांदा मारलं, कारण भूत नाही म्हटलं की मेलेला माणूसही नाही, आणि मारणाराही नाही. सगळे सुटले! बरं झालं त्या कस्टमवाल्याला मराठी येत नव्हती.

पुढच्या गुरुवारी करुणा हॉलमध्ये आली. माझ्याशेजारी बसली नाही, समोर बसली. उशाशी पडलेलं ते पुस्तक तिच्या हातात होतं. बिल्डिंगमधल्या मुलांना तिने सांगितलं, आजपासून घोस्ट स्टोरीज. एक अट. भूत आलं की विचारायचं, तू कोण, आणि कसा मेलास. त्या पुस्तकातल्या प्रत्येक भुताला त्या पोरांनी हे विचारलं. पुस्तकात उत्तर नसलं की वाद घालायचे, इंग्रजी-मराठी-हिंदी सगळं एकत्र करून. हडळ म्हणे बाळंतपणात मेलेली बाई. एका मुलीने विचारलं, "मग तिला डॉक्टरकडे का नाही नेली?" मी माझ्या विज्ञानाच्या पुस्तकांतून आरोग्यावर जेवढं शिकवलं नसेल तेवढं त्या हडळीने शिकवलं. जांभई कुणी दिली नाही.

पुढच्या ऑक्टोबरात मिस हेलननी पुन्हा चटई घातली. मी अर्ध्या दिवसाची लीव्ह टाकली. मॅनेजरने कारण विचारलं, मी लिहिलं: घरगुती, भुताचं वाचन. त्याने सही केली. करुणा दहा वर्षांची, एका हातात सेलोटेप लावलेलं पुस्तक, दुसऱ्या हातात आजोबांचं पत्र. चित्र पुस्तकातलं दाखवलं, गोष्ट पत्रातली सांगितली. लहान मुलांना धोंड्यांचं किती सांगावं हे तिला माझ्यापेक्षा कळत होतं. ती म्हणाली, त्याला तहान लागली होती आणि त्याला पाणी घेऊ दिलं नाही, म्हणून तो झाडावर बसून राहिला. मधे एकदा तिने मराठीत 'खवीस' म्हटलं, तर सगळी चटई 'खवीस, खवीस' करत दबक्या आवाजात ओरडली आणि एकमेकांना बिलगली. छान घाबरली होती पोरं. खुशीत घाबरली होती.

गोष्ट संपल्यावर एका पाच वर्षांच्या मुलीने विचारलं, मग त्याला पाणी मिळालं का?

करुणाने माझ्याकडे बघितलं. या वेळी मी भाषण केलं नाही. ती लहानगी उठली, आपली पाण्याची बाटली घेतली, आणि मुखपृष्ठावरच्या विहिरीतल्या त्या हातासमोर चटईवर ठेवून परत जागेवर जाऊन बसली.

मी हे हमीदचाचांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मंग? प्यायला काय तुमचा खवीस?"

"तुमचा," मी म्हटलं.

"आपला बोल गो, आपला."

तर आता घर म्हणजे काय, हे मी स्पष्ट लिहिते, कारण खेडहून मला पत्रं येतात की निमा तिकडची झाली. खेड सोडताना मला वाटत होतं मी भीती मागे ठेवून चालले आहे आणि शहाणपण सूटकेसमध्ये आहे. बरोबर उलटं झालं होतं. शहाणपण मागे चिंचेखाली अर्धी भाकरी होऊन पडलं होतं. ते मला इथे, समुद्र बुजवून केलेल्या जमिनीच्या काठावर, नऊ वर्षांच्या पोरीने शोधून दिलं. माझं घर आता त्या पाणवठ्यावर आहे आणि त्या चटईवरही आहे. दोन्ही ठिकाणी एकाच माणसाला पाणी पाजायचं राहिलं आहे. मला परत जायची घाई नाही, आणि मी कुठे हरवलेलीही नाही.

'भूत दाखवा!' हे पत्रक मी मागे घेते. उरलेला गठ्ठा करुणाच्या कच्च्या वहीला दिला आहे, पाठीमागची बाजू कोरी आहे. तिने पहिल्या कागदावर नवीन मथळा लिहिला: 'भूत सांगा.' अक्षर अजून वाकडंच आहे.

म्हणून तुम्हाला, इकडच्यांना आणि तिकडच्यांना, माझी मागणी. तुमच्या मुलाच्या हातात भीतीचं पुस्तक दिसलं तर हिसकावू नका. शेजारी बसा, हात धरा, वाचू द्या. आणि या गुरुवारी घरी एक पत्र टाका. आईला, बापाला, चुलत्याला, जो कुणी जुना जिवंत असेल त्याला. विचारा, आपल्या गावच्या भुताचं नाव काय होतं, माणूस असताना तो कोण होता, आणि त्याला कुणी मारलं. ज्यांच्या घरातल्यांनी धोंडे उचलले होते, त्यांनी तर आधी विचारा. आमच्याकडे लखूचं नाव आहे, मारणाऱ्यांचं नाही, ते तुमच्याकडे आहे. उत्तर आलं की ते घरातल्या सगळ्यात लहान मुलाला मोठ्याने वाचून दाखवा.

कागद घ्या. आत्ता.